शोकवार्ता कशी वाटली?

मुजुमदार सरांनी आयुष्यात एकही ठराव मांडला नाही. ते फक्त अनुमोदन देत. धार-देवास दक्षिणी समाजाच्या कार्यकारिणीवर ते एकतीस वर्षं होते. दर बैठकीत कोणीतरी काहीतरी मांडायचं, मग सगळे पंख्याकडे बघत बसायचे, आणि ती शांतता असह्य होऊन माधव मुजुमदार म्हणायचे, "माझं अनुमोदन आहे." सभागृहासाठी सतरंज्या घ्यायला त्यांचं अनुमोदन होतं. उंदरांनी कुरतडल्यावर त्या फेकून द्यायलाही त्यांचंच होतं.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या रविवारी देवासच्या सभागृहात जे झालं, त्यात नवीन असं काही नव्हतं. अध्यक्ष शिवाजीरावांचा पुतण्या राजवीर इंदूरहून लॅपटॉप घेऊन आला होता. तो एका कंपनीत वेबसाइटी बनवायचा, आणि समाजाची अकरा वर्षं जुनी वेबसाइट नवी करून द्यायला आपण होऊन तयार झाला होता. जुन्या साइटवर वधू-वर, पाककृती, उत्सवांचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत अशी पानं होती, आणि सगळ्यात खाली शोकवार्ता.

"सर, मी काय करतोय ना, डायरेक्ट वाचणाऱ्यालाच विचारतोय," राजवीर म्हणाला. तो शाळेत सरांकडे गणित शिकला होता, म्हणून सगळं त्यांच्याकडेच बघून सांगत होता. "हर पेज के नीचे एक पट्टी येईल. हे पान कसं वाटलं? एक ते पाच तारे. खाली लिहायला डब्बा. तीन आठवडे ठेवायचं. ज्या पानाला सरासरी तीनच्या खाली येईल, किंवा ज्याबद्दल कोणी काही बोलणारच नाही, ते नवीन साइटवर घ्यायचं नाही. सिंपल."

शिवाजीरावांनी ते ठरावाच्या भाषेत उतरवून घेतलं. त्यांच्या घराण्यानं चार पिढ्या दरबाराचे कागद सांभाळले होते. दरबार गेला, कागद वाळवीनं नेले, पण एकदा लिहिलेलं फिरवायचं नाही ही सवय तेवढी शिल्लक होती. त्यांनी टोपण लावलं आणि विचारलं, "अनुमोदन?"

सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं.

"माझं आहे," सर म्हणाले.

घरी येऊन जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं, की शोकवार्ता हेही एक पानच आहे, आणि ते आपण चालवतो.

हे काम त्यांच्याकडे आलं ते दुसरं कोणी घेईना म्हणून. माळव्यात मराठी माणसाला दोन-अडीचशे वर्षं राहूनही दक्षिणीच म्हणतात. त्या दक्षिण्यांतलं कोणी गेलं की घरचे आधी सरांना फोन करायचे. "सर, दादा गेले. पहाटे." मग सर नाव, वय, घराणं, कोणाचे कोण, किती वाजता न्यायचं आणि कुठून, एवढं विचारून अर्ध्या तासात पानावर चढवत. एकीकडे लोहारदा-खातेगांव, दुसरीकडे पार अमझेरा, जिथे एक-दोनच घरं उरली होती तिथूनही फोन यायचा. नव्या पिढीला मराठी वाचणं जड जायचं आणि जुन्या पिढीला फोन वाचणं. तरी हे पान सगळे वाचत. मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याही पलीकडे गेलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं चार कॉलन्यांत विखुरलेली. खांद्याला चौघं जमवायचे तर ते या पानानेच जमत.

आणि या पानाला प्रतिक्रिया का येणार नाही, हेही सरांना जिन्यातच कळलं.

पूर्वी मरणाची बातमी पोस्टकार्डानं यायची. कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. ते उंबऱ्याच्या आत आणत नसत. दारात उभ्याउभ्या वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, हातपाय धुवून आत यायचं. उत्तर पाठवायचं नाही. ज्याला जायचं असेल त्यानं उठून जायचं. कार्डं गेली, फोन आले, माणसं तीच राहिली. शोकवार्ता वाचायला लोक गॅलरीत जात, अंगणात जात. वाचून झाली की फोनच्या पोटातून तिचा मागमूस पुसून टाकत, हात धूत, आणि मग दूधवाल्याशी भांडायला मोकळे होत.

राजवीरला हेच दुसऱ्या बाजूनं दिसत होतं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"सर, तुमच्या पानावर पब्लिक तर बहोत येतेय. रोज चारशे. आणि मजा म्हणजे रोज नवेच लोक! पुराना कोई लौटताच नाही. पण चाळीस सेकंदांत पळून जातात, घाबरून. प्रतिक्रिया झीरो."

"अध्यक्षांच्या मनोगताला किती आल्या?"

"एकशे सहा. सगळे पाच तारे."

"एवढ्या लोकांनी वाचलं?"

"वाचलं नाही सर. नऊ फोनवरून आल्यात. काकासाहेबांच्या घरात फोन नऊ आहेत."

सरांनी फोन ठेवला. आतल्या खोलीतून वासंतीबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय?"

वासंतीबाईंच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा इंदूरला जाऊन रक्त धुऊन आणायचं, असं त्या स्वतःच म्हणत. डॉक्टर हल्ली पुढची तारीख देताना वर बघत नसे. मुलगी मेधा बंगळूरहून रोज फोन करून "खाल्लं का" विचारायची. त्याचं खरं उत्तर दोघंही देत नसत.

"काही नाही. पान बंद होईलसं दिसतंय," सर म्हणाले.

वासंतीबाई जराशा उठून बसल्या. "आणि अनुमोदन कोणाचं?"

सरांनी फोन चार्जिंगला लावला.

"बेचाळीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, माझ्या वडिलांनीच मांडलं असणार आणि तुम्ही अनुमोदन दिलं असणार." मग थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "ते पान टिकवा हो. निदान माझ्यापुरतं."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग काय बोलू? खातेगांवच्या त्या इंजिनियरच्या आईला चौघं होते. त्यातला एक अँब्युलन्सचा. तो खांदा देताना कानाला फोन लावून होता म्हणे. मला तसं जायचं नाही. मला माणसं हवीत. भांडखोर असली तरी चालतील, पण आपली."

हे सर विसरले नाहीत. त्यांना लाज वाटली ती याची, की ती बोलायच्या आधी जिन्यात त्यांच्याही मनात हेच आलं होतं: निदान वासंतीपुरतं.

"आणि माझ्या बातमीत 'प्रेमळ' लिहू नका," वासंतीबाई पुढे म्हणाल्या. "तुमच्या पानावर मेलेल्या सगळ्याच बायका प्रेमळ असतात. आणि 'अल्पशा आजाराने' नको. चार वर्षं सुया खाल्ल्यात मी. 'दीर्घ' लिहा, 'दीर्घ'. आणि न्यायची वेळ दुपारनंतरची द्या. ताईला धारहून दोन बसा बदलून यावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून सर प्रतिक्रिया गोळा करायला निघाले. आधी गल्लीतल्याच मोरोपंतांकडे गेले. मोरोपंत समाजाचं पौरोहित्य करत. शोकवार्तेचा सगळ्यात नियमित वाचक तेच, कारण त्यांची पुढच्या दहा दिवसांची कामं त्यावरून ठरत.

"मोरोपंत, पान उपयोगी पडतं ना तुम्हाला?"

"म्हणजे काय! पहाटे उठून आधी तेच."

"मग तेवढं खाली लिहा. दोन ओळी."

मोरोपंतांनी जानवं सारखं केलं. "काय लिहू, सर? छान? आवडलं? असेच येऊ द्या?"

"उपयुक्त आहे, असं लिहा."

"लोक म्हणतील भटजी टपूनच बसलाय." त्यांनी हात जोडले. "दुसरं काहीही सांगा. आपल्यात या बातमीला उलट उत्तर जात नाही. घरात सुना-नातवंडं आहेत."

देवासात तीन दिवसांत सर बावीस घरं फिरले. सगळीकडे चहा मिळाला. एका घरात त्यांच्या हातात फोन बघूनच सूनबाईंनी दारात थांबवून विचारलं, "कोण गेलं, सर?" एका बाईंनी खरंच मन घट्ट करून बोट पुढे नेलं, आणि नेमकी आतल्या खोलीत त्यांची नात खोकली. बाईंनी बोट मागे घेतलं, ते पदराला पुसलं. सरांना त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतः आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या ओट्यावर बसून प्रयत्न करून बघितला होता. तारे समोर होते, पाच. घरी वासंती निजलेली होती. त्यांचं बोट काचेपासून वितीवर थांबलं, आणि गणिताचा माणूस असूनही त्यांनी फोन पालथा घातला.

सातव्या दिवशी ते धारला गेले. इंदूरला बस बदलून साडेअकराला बकुळाताईंच्या दारात पोचले. बकुळाताई वासंतीबाईंच्या थोरल्या बहीण. वय एक्याऐंशी, कान उत्तम, डोळे बरे, जीभ त्याहून बरी. मुलगा पीयूष पीथमपूरच्या कारखान्यात होता, सून वैभवी शाळेत शिकवायची.

"माधवराव, वासंती कशी आहे ते खरं सांगा. पाणी मग प्या."

"बरी नाही, ताई."

बकुळाताईंनी मान हलवली आणि पाणी पुढे केलं. सरांनी येण्याचं कारण सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रोज सकाळी शोकवार्ता वाचायच्या, अंगणातल्या नळाशेजारी उभ्या राहून, कारण मग लगेच हात धुता येत.

"मी एकदा उत्तर दिलं होतं," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या आत्याचं कार्ड आलं, तेव्हा मी अकरा वर्षांची. मला वाटलं, पत्र आलंय तर उत्तर द्यावं. 'वाचून फार वाईट वाटलं, बाकी सर्व क्षेम' असं लिहून पेटीत टाकून आले. आईनं बडव बडव बडवलं. म्हणाली, त्यांच्या घरचं मरण तू आपल्या घरच्या पत्त्यावर बोलावलंस. त्या वर्षी काही झालं नाही. पण मी वर्षभर रोज सगळ्यांना मोजून झोपायची." त्या उठल्या. "मी नाही द्यायची, माधवराव. वासंती आजारी असताना तर मुळीच नाही."

"तिचंच म्हणणं आहे, ताई. पान राहावं."

"तिला म्हणावं, तू बरी हो. मग हवे तेवढे तारे देईन."

नवव्या दिवशी पहाटे वासंतीबाई गेल्या. इंदूरला न्यायची गाडी साडेसातला येणार होती. ती आली, तेव्हा सरांनी ड्रायव्हरला चहा दिला आणि परत पाठवलं.

घरच्यानं आपल्या घरची शोकवार्ता लिहू नये, असा एक संकेत आहे. अकरा वर्षांत सरांनी सगळ्यांची लिहिली, त्यामुळे त्यांची लिहिणारा कोणी उरला नव्हता. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि एका बोटानं लिहू लागले. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' हे फोननं आपण होऊन पुढे केलं. इतक्या वेळा लिहून त्याला ते पाठ झालं होतं. 'सौ. वासंती माधव मुजुमदार, वय एकाहत्तर, धारच्या खासगीवाल्यांची धाकटी कन्या, दीर्घ आजाराने.' 'प्रेमळ' लिहिलं नाही. तिथे काय लिहावं ते न सुचून त्यांनी मोकळंच सोडलं. 'अंत्ययात्रा दुपारी चार वाजता.'

चढवल्यावर खाली ती पट्टी आपोआप आली. हे पान कसं वाटलं?

दोन वाजल्यापासून माणसं यायला लागली. इंदूरहून आली, उज्जैनहून आली, लोहारद्याहून एक म्हातारे गृहस्थ जीपच्या मागच्या बाकावर बसून आले. साडेतीनला बकुळाताई आल्या, वैभवीचा हात धरून. त्यांनी बहिणीच्या पायांवर हात ठेवला, आणि कोणी न विचारताच म्हणाल्या, "पावणेनऊला वाचलं मी. नळाशी." चार वाजता निघाले तेव्हा गल्ली भरली होती. खांदा बदलायला रांग होती. दोन घरांचं नऊ वर्षांचं भांडण होतं, त्यातले दोघं एकामागोमाग उभे होते. सर मडकं धरून पुढे चालत होते आणि त्यांना सारखं वाटत होतं, की मागे वळून कोणालातरी सांगावं: बघ, किती आलेत.

तेरावा आणि प्रतिक्रियांचा शेवटचा दिवस एकच आला.

सभागृहात गोडाचं जेवण झालं. एकशे तीस-चाळीस पानं उठली. विडे वाटले जात होते तेव्हा बकुळाताई उभ्या राहिल्या. त्यांना माइक दिला, तो त्यांनी परत दिला.

"माझी बहीण जाताना एक म्हणून गेली," त्या म्हणाल्या. "ते मरणाचं पान राहावं. ते राहायचं तर म्हणे त्याला उत्तर द्यावं लागतं. मी सत्तर वर्षांत दिलं नाही. आज देणार आहे. तुम्हाला जमेल त्यांनी द्या. पण इथे आत नको. बाहेर चला."

आणि त्या बाहेर निघाल्या. क्षणभर कोणी हललं नाही. मग मोरोपंत उठले. मग शिवाजीराव, काठी टेकत. मग सगळेच. सरांनी दारातून बघितलं: भर दुपारी गल्लीत, दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या सावलीला लागून, समाजाची शंभरावर माणसं ओळीनं उभी होती, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाची मान खाली. चष्मे वर-खाली होत होते. ज्यांना जमत नव्हतं त्यांना वैभवी दाखवत होती. झाल्यावर एकेक जण कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या नळावर जाऊन हात धूत होता. मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस थांबून विचारून गेला, "क्या भिया, कोई सरकारी योजना आई है क्या?"

सर तेरा दिवसांत पहिल्यांदा रडले, आणि त्यांना बरं वाटलं.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. राजवीरनं भिंतीवर तक्ता पाडला. मनोगत, पाच तारे. पाककृती, चार पूर्णांक सहा. वधू-वर, तीन पूर्णांक एक. तिथे लोकांनी मनातलं लिहिलं होतं. मग तो थांबला आणि त्यानं सरांकडे न बघता पुढचं पान लावलं.

"शोकवार्ता. शेवटच्या दिवशी एकशे सदतीस आल्या. एकदम. सर... पर्सनली घेऊ नका हं. एकशे सदतीसच्या एकशे सदतीस, एक तारा." त्यानं आवाज खाली आणला. "मी इतके वर्ष हे काम करतोय. इतना खराब रिझल्ट मैंने नहीं देखा. एकानं तर डब्ब्यात लिहिलंय, 'फार वाईट'."

सरांना एका क्षणात कळलं. त्यांनी वर बघितलं, तर बैठकीतल्या सगळ्यांनाच कळलेलं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

"तुम्ही किती दिलात, मोरोपंत?" सरांनी विचारलं.

"एक," मोरोपंत म्हणाले. "पाच कसे देणार? वासंतीवहिनींच्या मरणाला? मी तर बिनताऱ्याचंच शोधत होतो. नव्हतं. मग म्हटलं, त्यातल्या त्यात."

"मीही एकच दिला, माधवराव," शिवाजीराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "ती काय लग्नाची पंगत होती?"

राजवीर आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता. "मतलब... पान चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे रे, बाळा," मोरोपंत म्हणाले.

"तो फिर ठेवूया ना!"

सगळ्यांची नजर ठरावाच्या वहीवर गेली, आणि तिथून शिवाजीरावांवर. शिवाजीरावांनी वही उघडली, पान काढलं, चष्मा लावला आणि स्वतःशीच वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"सरासरी तीनच्या खाली," ते म्हणाले. "लिहिलंय."

"काकासाहेब, पण सगळ्यांना माहितेय का—"

"ठराव आहे. तो फिरवायचा तर सर्वसाधारण सभा लागते. कोरम एक्कावन्न. बारा वर्षांत कोरम झालेला नाही."

"मागच्या रविवारी एकशे सदतीस होते," सर म्हणाले.

"तो तेरावा होता, माधवराव. सभा नव्हती." शिवाजीरावांचा आवाज कापरा झाला होता, पण त्यांचं बोट वहीवर होतं तिथेच होतं. "आज हा फिरवला तर उद्या मनोगतही काढतील. कशालाच अर्थ राहणार नाही. आणि सूचक राजवीर आहे, अनुमोदक—" त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही. मोठ्या मनाचा माणूस.

"सर, फेज टू मध्ये बघू आपण," राजवीर कळवळून म्हणाला. "पक्का. आणि तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप तर आहेच. अपने-अपने ग्रुप पर डाल देंगे लोग."

त्यावर कोणीतरी अनुमोदन द्यायला हवं होतं. पंखा फिरत होता. सर काहीच बोलले नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पण तेव्हा अनुमोदनाची गरजच नव्हती. पान आधीच्या ठरावानं बंद झालेलं होतं.

गुढीपाडव्याला नवी साइट सुरू झाली. सुरेख होती. मनोगत सगळ्यात वर होतं, फोटोसकट.

शोकवार्ता नाही म्हटल्यावर सरांना फोन यायचे बंद झाले. ते कशाला येतील? एप्रिल गेला, मे गेला. सकाळी चहा झाला की सर फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसत, जसे अकरा वर्षं बसत आले होते. फोन वाजत नसे. त्यांच्या लेखी धार-देवासात अडीच महिने कोणी गेलंच नाही. एकदा मंडईत त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं, "वडील कसे आहेत?" आणि गृहस्थ त्यांच्याकडे विचित्र नजरेनं बघत म्हणाले, "सर, वर्षश्राद्धाला यायचं हं." वर्षश्राद्ध होण्यासाठी आधी काय व्हावं लागतं, याचा हिशेब सरांनी भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जाताना केला.

तेव्हापासून त्यांनी कोणाचीही चौकशी करणं सोडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेधा चार दिवस येऊन आईचं कपाट आवरून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ही नारायणपेठ बकुळामावशीला द्या. आईनं सांगून ठेवलं होतं." सरांनी साडी कागदात गुंडाळली आणि धारची बस पकडली. आगाऊ फोन केला नाही. ताईंना ऐनवेळी जाऊन भेटणं त्यांना आवडायचं. त्या मग जेवायला थांबवून घेत आणि वाढताना बोलत.

दार वैभवीनं उघडलं. तिनं त्यांना बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थोडा राग.

"आलात, काका," ती म्हणाली. "पीयूष रोज म्हणत होते, काका कसे नाही आले."

"का? काय झालं?"

वैभवीचा हात दारावरच राहिला. "काका... आई गेल्या ना. एकोणीस दिवस झाले. तुम्हाला... आम्ही टाकलं होतं. लगेच. फॅमिली ग्रुपवर सकाळी सहालाच टाकलं."

"मी त्या ग्रुपमध्ये नाही. मेधाही नाही."

"तुमच्या घरी तर गेला होता मेसेज," ती म्हणाली आणि बोलता बोलताच हळू झाली. "वासंतीमावशींच्या नंबरवर."

वासंतीबाईंचा फोन मधल्या खोलीतल्या खणात होता. मार्चपासून तो कोणी चार्ज केला नव्हता.

सर उंबऱ्याबाहेरच उभे होते. "आत या ना, काका," वैभवी म्हणाली. "ऊन किती आहे. चहा टाकते."

"किती माणसं होती?"

"आठ-नऊ. कामाचा दिवस होता ना. आणि खूप जणांना कळलंच नाही, नंतर ओरडले आमच्यावर."

"खांद्याला?"

"पीयूष, त्यांचे दोन मित्र... आणि शववाहिनीचा ड्रायव्हर. चांगला होता बिचारा."

सरांनी साडीचं पुडकं ओट्यावर ठेवलं. खिशातून पैशाचं पाकीट, चष्मा, फोन काढून त्यावर ठेवलं. उशिरा कळलं तरी कळल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करतात, ती करायची होती. ते अंगणातल्या नळाखाली उकिडवे बसले आणि नळ सोडला. पाणी आधी तापलेलं आलं, मग गार. पांढरा सदरा पाठीला चिकटला. वैभवी टॉवेल आणायला आत पळाली.

शेजारच्या भिंतीवरून एका म्हाताऱ्यानं डोकावून बघितलं. "क्या हुआ, बाऊजी? कोई गुज़र गया?"

"बकुळाताई," सर म्हणाले.

"अरे, वो तो कब की गईं! महीना होने आया."

सरांनी तोंडावरून पाणी निपटलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"हमारे यहाँ आज गईं," ते म्हणाले, आणि पुन्हा नळाखाली डोकं धरलं.